टाचा भिंतीला

१

मी मुलांच्या खोल्या सजवते. हे सांगितलं की लोकांच्या चेहऱ्यावर आधी कौतुक येतं आणि पाठोपाठ शंका, की याचंही वेगळं दुकान असतं का. असतं. हुबळीत लॅमिंग्टन रोडला, वह्या-पुस्तकांच्या एका दुकानाच्या माडीवर माझी दहा बाय बाराची जागा आहे आणि गेली एकोणीस वर्षं तिच्यावर माझं बरं चाललंय. धारवाडहून रोज चिगरी बसनं यायचं, भिंतींचे रंग, पलंग आणि पुस्तकांचे कप्पे यांवरून आयांशी वाद घालायचा, संध्याकाळी परत जायचं. मला स्वतःला मूल नाही. त्याबद्दल वाईट वाटायचे दिवस केव्हाच मागे पडले, निदान मी तसं समजत होते.

माझा एक नियम आहे. मूल पाहिल्याशिवाय, त्याचं माप स्वतः घेतल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. आईवडिलांनी सांगितलेली मापं खोटी असतात. आपल्या मुलाची उंची विचारली की भली भली माणसं चार बोटं वाढवूनच सांगतात, आणि सांगताना छाती स्वतःची फुगवतात. म्हणून मी मुलाला त्याच्याच खोलीच्या भिंतीशी उभं करते.

"टाचा भिंतीला. हनुवटी सरळ. आता हलायचं नाही."

मुलं टाचा आपटतात. टक, टक. दोनदा. का ते मला माहीत नाही, पण प्रत्येक मूल आपटतंच. मग मी जाड पुठ्ठ्याचं एक पक्ष्यांचं पुस्तक भिंतीला काटकोनात धरून वरून हळूहळू खाली सरकवत आणते. डोक्याला टेकलं की थांबायचं आणि पेन्सिलीनं रेघ मारायची. तेच माप मग एका लाकडी पट्टीवर उतरवायचं, पट्टीवर मुलाचं नाव घालायचं आणि ती कमरीपेठेत परशुराम अण्णाकडे द्यायची. अण्णा आमचा सुतार. तो फूट-इंच विचारत नाही, पट्टी लाकडाला लावतो आणि कापतो. पलंगाला मात्र वीतभर वाढ धरायची, कारण मुलं थांबत नाहीत.

सगळं झालं की मी म्हणते, "झालं. पळ!" तोवर कुणी हलत नाही. एकदा मधेच माझा फोन वाजला आणि मी बाहेर जाऊन दहा मिनिटं बोलत बसले. परत आले तर ती पोरगी तशीच उभी, टाचा भिंतीला, डोळ्यांत पाणी. मी पळ म्हटलं नव्हतं ना.

२

वेंकटेश वकील दिवाळीनंतर आले. घर धारवाडला माळमड्डीत. एकुलता एक मुलगा, श्रीनिधी, सात वर्षांचा. दसऱ्यापासून बेळगावच्या दवाखान्यात होता. रक्ताचं काहीतरी, वकिलांनी नाव सांगितलं आणि मी ते लक्षात ठेवायचं टाळलं. बायको पूजा शाळेत शिकवायची, ती रजा टाकून मुलाजवळ राहिली होती.

"संक्रांतीपर्यंत घरी सोडतील म्हणतात," वकील म्हणाले. "आजवर आमच्याजवळच झोपायचा. आता त्याची स्वतःची खोली हवी म्हणतोय. तो आकाश आहे ना, त्याच्या वर्गातला, त्याची खोली तुम्ही केलीत. तेव्हापासून डोक्यात घेतलंय."

मी मुलाला बघायचं म्हटलं तर त्यांनी तिथल्या तिथे व्हिडिओ कॉल लावून दिला. पडद्यावर लोकरीची टोपी आली, आणि टोपीखाली भुवया नसलेला एक चेहरा.

"तू मापवाली मावशी?"

"होय. आणि तू?"

"मी श्री. आकाश सांगत होता, तू पळ म्हणेपर्यंत हलायचं नाही. तो हलला होता. मी नाही हलणार."

"बघू की. रंग कुठला हवा खोलीला?"

त्यानं विचार केला. "कैरी कापली की आत असतो तसला."

माझ्या एकोणीस वर्षांत असं नेमकं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. मी म्हटलं, रविवारी बेळगावला येते, माप घ्यायला. टोपी खूश झाली.

त्या रविवारी मी गेले नाही. हुबळीत एक प्रदर्शन होतं. पुढच्या रविवारी सर्दी होती. दीड तासाचा रस्ता, कुणीही गेलं असतं. खरं सांगायचं तर त्या भुवया नसलेल्या चेहऱ्यासमोर उभं राहायचं मला धैर्य झालं नाही. मी वकिलांच्या हाती एक कोरी पट्टी दिली आणि म्हटलं, त्याला उभं करून एवढी डोक्याची खूण करून आणा, बाकी मी बघते. एकोणीस वर्षांचा नियम मी असा एका वाक्यात मोडला.

३

आठ दिवसांनी पट्टी आली. निळ्या पेनाची खूण आणि शेजारी शाळेतल्या बाईंच्या वळणदार अक्षरात 'श्रीनिधी'. ती घेऊन मी कमरीपेठेत गेले.

परशुराम अण्णाचं दुकान म्हणजे पत्र्याखालची लांबच लांब बोळकांडी. अळणावरहून आलेलं सागवान एका बाजूला रचलेलं, आणि वर आढ्याला दोरीनं बांधलेल्या माझ्या पट्ट्या, दोनशेच्या वर. त्यातली काही मुलं आता नोकरीला लागलीत. अण्णानं पट्टी घेतली, चष्मा चढवला आणि ती उलटसुलट करून पाहिली.

"अक्का, इल्ली नोडरी, हे बघा." त्याचं बोट पट्टीच्या खालच्या टोकाशी होतं. टोकापासून चार बोटं वर आणखी एक निळी खूण होती.

"पेन चालतंय का बघितलं असेल," मी म्हटलं.

"न्हवं. उभ्या पोराला खालची खूण लागत नाही की. त्याला जमीन असते. ही टाचेची खूण आहे. पोर निजल्यावर पट्टी बाजूला ठेवून माप घेतलंय बघा."

"घेतलं असेल. मग?"

"निजलेल्याचं माप घेत नसतात, अक्का. घेतात ते एकदाच." त्यानं पट्टी माझ्याकडे सरकवली. "तुम्ही शिकलेल्या. मी काय सांगू तुम्हाला?"

मला राग आला. आता वाटतं, राग माझा मलाच आला होता आणि तो काढायला अण्णा समोर सापडला. "आजारी पोर आहे, अण्णा. उभं राहवत नसेल त्याला. म्हणून त्यानं पलंगावर झोपू नये होय?"

"करतो की पलंग. तुम्ही जाऊन उभं माप आणा. चार दिवस लागू देत, मी लाकूड राखून ठेवतो."

"संक्रांतीला पोर घरी येणार आहे."

"बरं. मग यात वाढ किती धरायची ते सांगा."

"वीतभर. नेहमीसारखी."

अण्णानं पट्टीला हात लावला नाही. मी तिथलीच छोटी करवत उचलली, टाचेच्या खुणेवर पट्टी कापली आणि उरलेली त्याच्यापुढे आपटली. "घ्या. आता जमिनीपासूनच सुरू होते."

चार बोटांचा तो तुकडा घरंगळत भुशात गेला. अण्णानं तो शोधून काढला, फुंकर मारली आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. पलंग त्यानं वेळेत केला, आणि असा केला की हात फिरवत राहावं. पण काम झाल्यावर ती पट्टी त्यानं आढ्याला बांधली नाही. पलंग टेम्पोत चढवताना माझ्या हातात दिली. "ही तुमच्यापाशी असू दे, अक्का."

४

खोली मागच्या अंगाला होती. एकच खिडकी, खिडकीत आंबा. रंगाऱ्याकडून तीनदा रंग मिसळून घेतला तेव्हा कुठे कैरीच्या आतला तो फिका, ओलसर पिवळा जमला. पलंग मांडला, गादी प्लास्टिकसकट वर टाकली. घराच्या दोनच किल्ल्या होत्या. एक माझ्याकडे, दुसरी बेळगावात पूजाच्या पर्समध्ये. वकीलही कामापुरते धारवाडला यायचे ते त्यांच्या भावाकडे उतरायचे. रिकाम्या घरात जेवण जात नाही म्हणायचे.

कप्पे लावून झाल्यावर चार दिवसांनी मी दुपारी एकटीच गेले. खिडकी आणि कपाट यांच्या मधल्या भिंतीवर पेन्सिलीची एक रेघ होती.

ही जागा मी कुणाला सांगितली नव्हती. पण मुलाला उभं केलं असतं तर मी तिथेच केलं असतं. उजेड बाजूनं येतो, पाठीमागे काही लागत नाही. मी जवळ जाऊन पाहिलं. रेघ तिरपी होती, एका टोकाला दाबलेली, दुसरीकडे निसटलेली. डोक्यावर हात सपाट ठेवून, मागे न बघता स्वतःची उंची स्वतः आखली की अशी रेघ येते. लहानपणी आपण सगळ्यांनीच आखलेली असते.

पिशवीतली पट्टी काढून लावली. रेघ बरोबर निळ्या खुणेवर होती.

रंगाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, पेन्सिल आमच्याकडं कुठली, अक्का, आम्ही खुणेला चुन्याची दोरी मारतो. मग अण्णाच्या माणसानं कप्पे लावताना मारली असेल, मी ठरवलं. उंचीचं जुळणं हा योगायोग. एवढ्या रेघा जन्मात मारल्यात, एखादी कुठेतरी जुळणारच. मी खोडरबरानं ती पुसली, खोलीचे फोटो काढले आणि पूजाला पाठवले. संध्याकाळी उत्तर आलं. तो सारखा फोटोच बघतोय, अक्का. खिडकीजवळची भिंत बोटानं मोठी करून बघतोय.

५

पुढच्या मंगळवारी रेघ परत होती. आधीच्यापेक्षा दोन बोटं खाली.

मी वकिलांना फोन केला आणि रेघेबद्दल न विचारता मुलाबद्दल विचारलं. "सुधारतोय," ते म्हणाले. "पेशी वाढतायत." कोर्टात बोलतात त्या आवाजात म्हणाले. संक्रांत आली आणि गेली. त्यांचा तिळगूळ पाकिटातून आला, मूल आलं नाही.

तिसरी रेघ माझ्या कमरेच्या वर होती, चौथी कमरेच्या खाली. मी मूर्ख बाई नाही. मी दाराच्या फटीला चिकटपट्टी लावून गेले, ती तशीच्या तशी होती. पाणसळ ठेवून जमीन सपाट आहे का ते तपासलं, ओल बघितली, भिंत खचली असेल म्हणून बाहेरून फेरी मारून आले. भिंतीला काहीही झालेलं नव्हतं. रेघांना काहीतरी होत होतं. दर वेळी ती जास्त तिरपी, जास्त पुसट, आणि हात थरथरत असावा तशी नागमोडी. आता मी ती खोडत नव्हते. का खोडत नव्हते ते सांगता येत नाही. कुणीतरी मेहनतीनं केलेलं काम पुसायला हात होत नव्हता एवढंच.

पडदे लावायला गेले तो फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. आंब्याला मोहोर आला होता आणि खिडकी उघडल्यावर सगळी खोली त्या वासानं भरली. कड्या पडद्यात ओवायला मी बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसले. दुपारचे तीन. शेजारी कुणीतरी कपडे आपटत होतं, ते थांबलं.

मग आतून आवाज आला. टक, टक.

माझ्या हातातली कडी सुटली. हा आवाज मी हजार वेळा ऐकलाय, यात माझी चूक होणं शक्य नाही. मी उठले, दारात गेले. खोलीत कुणी नव्हतं. गादीवरचं प्लास्टिक चुरगळलेलं नव्हतं. पण त्या भिंतीच्या तळाशी फरशीची जी पट्टी असते, तिच्यावरची रंगाऱ्याची पांढरी धूळ दोन ठिकाणी पुसलेली होती. शेजारी शेजारी, रुपयाएवढी दोन स्वच्छ वर्तुळं.

"कोण आहे?" मी विचारलं.

कुणी बोललं नाही. पण ती शांतता रिकाम्या खोलीची नव्हती. हलू नको सांगितलेलं मूल श्वास धरून उभं असतं, आणि आपली पाठ असली तरी ते कळतं, तशी होती. मी त्या दोन वर्तुळांकडे बघत उभी राहिले. एक शब्द माझ्या जिभेवर आला होता. म्हटला असता तर मी हे सगळं खरं मानलं असं झालं असतं, म्हणून मी तो गिळला. पडदे अर्धे टाकून, दाराला कुलूप घालून सरळ रस्त्यावर आले आणि रिक्षात बसल्यावर मला रडू फुटलं.

६

"उद्या घरी आणतोय," महिनाअखेरीला वकिलांचा फोन आला.

"म्हणजे बरा झाला!"

"घरी आणतोय, दीपश्री अक्का," ते परत म्हणाले आणि गाडी किती वाजता पोचेल ते सांगितलं.

त्यांनी त्याला गाडीतून उचलून आणलं. वकिलांच्या दंडावरून दोन पाय लोंबत होते, एवढे बारीक की मोजे घोट्यांवर गोळा झालेले. पलंगावर ठेवल्यावर त्यानं मान वळवून सगळी खोली नीट पाहिली, रंग, कप्पे, खिडकी. "कैरी," तो म्हणाला. पायथ्याशी वीतभर गादी रिकामी राहिली होती. पूजानं पटकन एक चादर घडी करून तिथे ठेवली, जशी काही ती चादरीचीच जागा होती.

मग त्यानं मला पाहिलं. "मावशी, तू आलीच नाहीस."

"कुठे रे?"

"मापाला. मी कितीदा टाचा लावून उभा राहिलो. मग पाय दुखायला लागले."

"औषधानं काहीबाही बोलतो हो," पूजा हसून म्हणाली. तिचं भिंतीकडे लक्ष नव्हतं. माझं होतं. नवी रेघ गुडघ्याएवढ्या उंचीवर होती.

"पण हललो नाही," तो म्हणाला. "खाली बसलो, पण टाचा नाही काढल्या. आता घे ना माप."

मी पिशवीत हात घातला. पुस्तक पिशवीतच होतं. पूजानं मानेनं नको म्हटलं. "आज दमलाय, अक्का. उद्या हं राजा, उद्या मावशी नक्की घेईल. हो की नाही?"

"उद्या," मी म्हटलं. "नक्की."

"मग मी थांबू?"

आणि मी म्हणाले, "थांब."

एक मूल मला विचारत होतं की मी थांबू का, आणि मी त्याला थांब म्हणाले. माझ्या हातून यापेक्षा मोठी चूक झालेली नाही.

बाहेर आल्यावर पूजानं माझा हात धरला. ती आवाज चोरून बोलत होती. "अक्का, ती पट्टी... तो झोपला होता तेव्हा मी खुणा केल्या. उभा राहतच नव्हता, काय करू? यांना सांगितलं नाही. माझ्या आजीनं असं करताना पाहिलं असतं तर हात धरला असता. त्यानं काही होत नाही ना?"

"काही होत नाही," मी म्हटलं. "पट्टी मी सांगितली म्हणून तुम्ही केलीत. मी असलं काही मानत नाही."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी पुस्तक आणि पेन्सिल घेऊन निघाले. रिक्षात असतानाच वकिलांचा फोन आला. पहाटेच, झोपेत गेला होता.

७

अण्णाला सांगितलं तेव्हा त्यानं यंत्र बंद केलं आणि त्या दिवशी परत चालू केलं नाही. तुमचं खरं होतं असं मी म्हणेन म्हणून थांबला असावा. मी ते म्हटलं नाही. निघताना त्यानं तो चार बोटांचा तुकडा माझ्यासमोर ठेवला. इतके दिवस तो त्याच्या खिशात होता.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी पूजाचा फोन आला. "अक्का, येता का? तुमचं ते पुस्तक घेऊन या." एवढंच म्हणाली.

मी दुपारी गेले. वकील कोर्टात गेले होते. घर पाहुणे गेल्यानंतरच्या घरासारखं होतं, भांडी पालथी, सतरंज्या गुंडाळलेल्या. पूजानं मला चहा विचारला नाही. खोलीच्या दारात नेऊन उभं केलं.

"ऐका."

आम्ही दोघी उभ्या राहिलो. मोहोर गळून गेला होता, बारक्या कैऱ्या धरल्या होत्या. बाहेर भाजीवाली कानडीत ओरडत गेली. मग भिंतीच्या तळाशी, टक, टक.

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत," पूजा म्हणाली. "यांना ऐकू येत नाही. मला वेड लागलंय म्हणतील म्हणून मी बोलत नाही. तुम्हाला ऐकू आलं ना?"

मला नाही म्हणायचं होतं. माझी सगळी अक्कल मला नाही म्हण म्हणत होती. दुःखात माणसाला काय काय ऐकू येतं, आणि एकाला आलं की शेजारच्यालाही येतं. पण तिचा चेहरा बघून मला खोटं बोलवेना. "आलं," मी म्हटलं.

"तुम्ही त्याला थांब म्हणाला होता."

"होय."

"मग घ्या माप."

मी भिंतीपाशी गेले. रोज म्हणते ते शब्द मी म्हणायला लागले आणि ते माझ्याच कानाला परके लागले. "टाचा भिंतीला. हनुवटी सरळ. आता हलायचं नाही." मोकळी पिवळी भिंत समोर होती. मी पुस्तक माझ्या डोक्याइतक्या उंचीवर भिंतीला धरलं आणि खाली सरकवायला लागले. ते खाली येत गेलं. येतंय तर येऊ दे, मी मनात म्हणत होते, जमिनीपर्यंत येऊ दे, म्हणजे ही बिचारी एकदाची रडेल आणि मी घरी जाईन.

पुस्तक थांबलं.

अडकलं नाही. भिंतीला खडबडीतपणा नव्हता, हात माझाच होता आणि मी तो थांबवला नव्हता. एखाद्या मुलाच्या डोक्यावर पुस्तक टेकलं की पुठ्ठ्याखाली केस थोडे दबतात आणि मग खालचं घट्ट लागतं. तसंच लागलं. आधी मऊ, मग घट्ट. दवाखान्यात गेलेले केस परत आले होते.

मी रेघ मारली. रेघ सरळ आली. दुसऱ्या हातानं पिशवीतली पट्टी काढून भिंतीला लावली. रेघ बरोबर निळ्या खुणेवर होती. केसभर वर नाही, केसभर खाली नाही.

"वाढलाय?" पूजानं मागून विचारलं.

ती दारातच उभी होती, तिथून पट्टी दिसत नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं. खोटी मापं सांगणाऱ्या आईबापांना मी एकोणीस वर्षं हसत आले होते.

"चार बोटं," मी म्हटलं.

पूजाच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज निघाला आणि ती दाराला धरून खाली बसली. मी तोंड उघडलं, पण तिनं हात वर केला. "थांबा अक्का. ते म्हणू नका. थोडा वेळ असू दे."

मी पुस्तक धरून उभी राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. हाताला रग लागली. पुठ्ठ्याखाली ते तसंच होतं, जराही हलत नव्हतं. तो म्हणालाच होता, मी नाही हलणार. पूजा त्या जागेकडे बघत होती, पायांपासून वर, मग परत पायांपर्यंत. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि शाळेत बाई वर्गाला सांगतात तशा स्वच्छ आवाजात म्हणाली,

"झालं रे, श्री. छान उभा राहिलास. पळ."

पुस्तक माझ्या हातासकट खाली घसरलं आणि थेट फरशीवर आपटलं. मी तोल जाऊन भिंतीवर टेकले. भिंत थंड होती. त्यानंतर त्या घरात टाचांचा आवाज कुणाला आला नाही, पूजालाही नाही.

ती खोली तशीच आहे. माझी शेवटची रेघ त्यांनी रंगवू दिली नाही. पट्टी मी अण्णाकडे नेऊन दिली आणि त्यानं काही न बोलता ती इतरांच्यात आढ्याला बांधली.

मी अजून मुलांच्या खोल्या सजवते. मूल कितीही लांब असलं तरी आता स्वतः जाते. फक्त एक सवय लागली आहे. मूल भिंतीशी उभं राहतं, टाचा आपटतं, टक, टक, आणि पुस्तक डोक्याला टेकायच्या आधीच माझ्या तोंडून निघून जातं, झालं, पळ. मुलं पळत नाहीत. माझ्याकडे बघून हसतात.

"मावशी," म्हणतात, "अजून माप कुठे घेतलंस?"